मालकांचं उघडं डोकं

बैठक पहिली.
“मालक, टोपी काढा. मोठ्या माणसांचं चित्र उघड्या डोक्यानं काढतात.”
स्पेनमधल्या बिल्बाओतले पोलादवाले एवारिस्तो ओलाबारिया दचकले. “जेवताना काढत नाही मी, तुझ्यासाठी काढू?”
शेवटी ती काळी, चपटी बेरे टोपी निघाली. खाली चेहरा भट्टीनं भाजून तांबडा, वर कपाळ दुधासारखं पांढरं. दिसलं तसं मी रंगवलं.

बैठक दुसरी.
झाली नाही. मालक मित्रमंडळींसाठी मासे रांधायला गेले होते.

बैठक तिसरी, म्हणजे माझी परीक्षा.
मालकांच्या आईंना पटलं तर चित्र कारखान्याच्या दालनात लागणार, नाहीतर कोळशाच्या खोलीत. आणि मग बिल्बाओत मला पुन्हा कोण बोलावणार? आई डोंगरातल्या शेतघरातून आल्या. चित्रासमोर अदबीनं उभ्या राहिल्या.
“हे कोण पाहुणे?”
“अगं आई, मी!”
“गप रे. बारशानंतर तुझं उघडं डोकं पाहिलंय कुणी?”
“चर्चमध्ये काढतो की!”
“तिथं तुम्ही पुरुष वर सज्जात, आम्ही बायका खाली. मला काय दिसणार, तुझे बूट?”
मी काळा रंग घेतला आणि चित्रातल्या डोक्यावर टोपी चढवली.
“अगंबाई, हा तर आमचा एवारिस्तो! पण टोपी कशी घातलीये बावळटासारखी.”
त्यांनी ओल्या रंगात बोटं घालून टोपी उजव्या कानावर ओढली.
“आता जा कारखान्यात,” त्या चित्राला म्हणाल्या, आणि काळी बोटं त्यांनी खऱ्या मुलाच्या कोटाला पुसली.