दुसरं वाचन

आमच्या गावात हल्ली ज्याला त्याला जुन्या रेडिओची आठवण येते. ज्यांचे सेट कोंबड्यांच्या खुराड्याला टेकू म्हणून गेले, तेच मला बाजारात अडवतात आणि डोळे पुसतात. "ओगवालकाका, काय ते दिवस! काय तुमचा आवाज!" एकवीस वर्षं मी रेडिओ याओवर संध्याकाळी सात वाजता मयताच्या खबरा वाचल्या. मग नवा मालक आला. म्हणाला, मेलेल्यांची नावं ऐकून जाहिरातवाले पळतात. खबरा बंद झाल्या आणि मी घरी बसलो. तेव्हा या रडव्यांपैकी एकानेही स्टेशनात जाऊन 'का' म्हणून विचारलं नाही.

मयताची खबर आम्ही दोनदा वाचायचो. पहिल्या वाचनाला लोक पोरांना गप्प बसवायचे आणि दुसऱ्याला नावं ऐकायचे. एकदाच वाचलेलं मरण आमच्या लांगो लोकांत कुणी खरं धरत नाही. ही रीत कुणी घातली ते मला ठाऊक नाही, पण दुसरं वाचन होईपर्यंत बायका हंबरडासुद्धा फोडत नसत.

गेल्या महिन्यात स्टेशनाने 'सोनेरी संध्याकाळ' नावाचा कार्यक्रम काढला. त्याला एका सट्ट्याच्या दुकानाची जाहिरात होती. डॅनी एबोंग नावाचा स्टेशनातला निवेदक, नुसता बोलका पोपट, मला न्यायला आला. अंगात चकचकीत जाकीट, आणि उन्हाने घाम नुसता गळतोय.

"काका, एक मयताची खबर वाचायची. जुन्या ढंगात. लोक वेडे होतील बघा!"

"मेलंय कोण?"

"कुणालाही मारा हो. गंमत आहे."

त्याला चप्पल दाखवणार होतो. पण त्याच दिवशी पहाटे दोर्कस अबेजा गेली होती. संपलेल्या बॅटऱ्या उन्हात वाळवून पुन्हा सेटमध्ये घालणारी, दर रविवारी स्टेशनला वाचायला नमस्काराचं कार्ड पाठवणारी बाई. तिची सून अकेलो सकाळीच माझ्या दारात येऊन बसली होती. अबेजाचा थोरला मुलगा ओपेतो दक्षिणेला ऊसतोडीवर होता आणि दोन दिवस त्याचा फोन बंद होता. त्याच्या हातची पहिली मूठ पडल्याशिवाय आमच्यात खड्डा बुजवत नाहीत. या उकाड्यात उद्या दुपारपलीकडे प्रेत थांबणार नव्हतं.

"छावणीत तुमचं स्टेशन लागतं, बाबा," अकेलो म्हणाली. "संध्याकाळी सगळे ऐकत बसतात. तुम्ही सांगितलंत तर ते येतील."

म्हणून मी डॅनीला हो म्हणालो. खबर खरी आहे हे त्याला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्याने मला माइकपर्यंत जाऊच दिलं नसतं.

सात वाजता मी वाचलं. दोर्कस अबेजा, मुलगा जॉर्ज ओपेतो याने असेल तिथून निघावं, माती उद्या दुपारी दोन वाजता. दुसऱ्यांदा सुरू करणार, तोच या दीडशहाण्याने बटण दाबलं आणि टाळ्यांचा आवाज सोडला. वर सट्ट्याची जाहिरात.

"अरे, दुसरं वाचन राहिलंय!"

"एकदा पुरे, काका. बघा, फोन पेटलेत!"

खरंच पेटले होते, आणि डॅनी ते थेट रेडिओवर सोडत होता. पहिली बाई म्हणाली, अंगावर काटा आला, आणखी एक मारा. दुसरा एक मास्तर होता. बालपण आठवून तो हुंदके देत होता. अबेजा त्याच्या शाळेमागे तीस वर्षं राहिली, पण तिचं नाव ऐकून त्याला ती आठवली नाही, स्वतःचं बालपण आठवलं. असले हे आमचे प्रेमळ श्रोते!

तिसरा फोन आला.

"हॅलो! ओपेतो बोलतोय, उसाच्या छावणीतून, दुसऱ्याच्या फोनवरून! काय हो काका, माझ्याच आईला मारलंत?" तो खदखदून हसला. मागे पाचपन्नास तोडकरी हसत होते. "ऐकलं असेल तर ढवळायचा दांडा घेऊन येईल ती तुमच्या मागे!"

डॅनी टेबल बडवून हसत होता. मी त्याचा हात बटणावरून झटकला, माइक ओढला आणि पुन्हा वाचायला लागलो. तेच शब्द, तीच नावं, तोच वेग. नावापर्यंत ओपेतो हसत होता. 'असेल तिथून निघावं' म्हणालो तेव्हा तो थांबला. मागचे तोडकरीही थांबले.

"कधी गेली?" त्याने विचारलं.

"पहाटे. नीघ, बाळा."

डॅनीने घाईघाईने गाणं लावलं. मी चपला घालून निघून आलो.

ओपेतो रात्रभर ट्रकवर बसून आला आणि दुपारी एकला पोचला. मातीला गर्दीही तुफान झाली. अर्धे लोक मला बघायला आले होते. तो मास्तर तर प्रेताशेजारी माझ्यासोबत फोटो काढायला निघाला होता. मी त्याला खड्ड्यात ढकलला असता.

ओपेतोने पहिली मूठ टाकली आणि माझ्याजवळ आला. मला वाटलं, आभार मानेल.

"काका, माझी आई मेली आणि मी हसलो," तो म्हणाला. "सगळ्या जिल्ह्याने ऐकलं."

मी वाकून माझी मूठभर माती खड्ड्यात टाकली.

सोमवारपासून स्टेशन 'सोनेरी संध्याकाळ'ची जाहिरात तासातासाला वाजवतंय. सुरुवातीलाच एक माणूस खदखदून हसतो. लोक म्हणतात, काय दिलखुलास हसतो हो, अगदी जुन्या दिवसांसारखा.