शिवमच्या नावाचा पेपर

"सर, शिवमच्या नावानं मी पेपर लिहिला, तर हुशार कोण झालं?"

योगिनीनं हे विचारलं तेव्हा तिनं मला छातीशी गच्च धरलं होतं. तिची धडधड माझ्या पाठीवर नगारा वाजवावा तशी वाजत होती. मागं तिच्या वर्गातल्या मोनिका आणि प्रेरणा एकमेकींना चिमटे काढत उभ्या होत्या. "विचारून दाखव, नायतर तू भित्री," अशी पैज त्या दोघींनीच लावली होती. आता ही खरंच विचारून बसली म्हटल्यावर दोघींची पाचावर धारण बसली.

हेडसरांनी चष्मा वर केला. मग हसले.

"शाळा हुशार झाली, बाळा. बस खाली."

सगळे हसले. चौथीच्या मॅडम तेवढ्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. आणि मला, आयुष्यात पहिल्यांदा, शिसारी आली.

मित्रांनो, मी एक जुना पॅड आहे. परीक्षेला कागदाखाली धरता ना, तोच. लाकडाचा भुसा दाबून दाबून माझी पाठ तयार झाली आणि डोक्यावर लोखंडी चिमटा बसला. योगिनीचे पप्पा, अंगद, यांनी दहावीच्या परीक्षेसाठी मला औरंगपुऱ्यातल्या एका दुकानातून आणलं. माझ्या मागं त्यांनी कर्कटकानं 'अंगद १० वी अ' असं कोरलं. लई दुखलं, पण लई भारीही वाटलं. आपल्यावर कुणाचं तरी नाव आहे, ही साधी गोष्ट नसते.

दहावी झाली, पप्पा शेंद्र्याच्या कंपनीत लागले आणि माझी शाळा सुटली. मग मी काय काय नाही झालो! चुलीला वारा घातला. माठावर झाकण होऊन बसलो. गल्लीतल्या पोरांची बॅट झालो, तेव्हा माझा एक कोपरा उडाला. योगिनीच्या आईनं, सत्यभामानं, माझ्यावर कुरडया वाळत घातल्या आणि एकदा तर कोंबडी येऊन माझ्यावर नको ते करून गेली. खरं सांगतो, तेव्हाही मला किळस आली नव्हती. धुतलं की संपलं.

योगिनी तिसरीत गेली तेव्हा तिनं मला माठावरून ओढून काढलं. चिमटा ढिला झाला होता, तिथं रबर लावलं. चमकीचं फुलपाखरू चिकटवलं. तिचे पेपर चांगले जायला लागले, तशी वर्गातल्या पोरी परीक्षेआधी मला हात लावून जायला लागल्या. मी नुसता फुगलो होतो!

आता योगिनी सातवीत आहे आणि तिचा भाऊ शिवम चौथीत. यंदाही चौथीची राज्याची चाचणी आली. सगळ्या शाळांना एकच पेपर. कोणत्या पोराला काय येत नाही ते कळावं आणि त्याला ते शिकवावं, म्हणून ही चाचणी. मॅडमनीच तसं सांगितलं होतं. पण आमची शाळा गेल्या वर्षी या चाचणीत तालुक्यात पहिली आली होती. फाटकावर शाल घेतलेल्या हेडसरांचा भला मोठा फ्लेक्स अजून लटकतो आहे. तो नंबर खाली येऊन चालणार होतं का?

म्हणून वाचायला अडखळणाऱ्या, भागाकार न येणाऱ्या पोरांना निरोप गेला: चाचणीच्या दिवशी घरीच राहा. त्यांच्या जागी सातवीतल्या चणीनं लहान पोरी बसणार. योगिनीच्या वाट्याला शिवम आला. म्हणजे घरचंच माणूस, कुठं बोभाटा नको. गेल्या वर्षीचा पहिला नंबर कसा आला, ते मला तेव्हा कळलं.

'शाळा हुशार झाली' म्हणून झाल्यावर हेडसरांनी सराव घेतला. योगिनीनं माझ्यावर कागद लावला आणि वर शिवमचं नाव लिहिलं.

"अगं, एवढं सुंदर नको," सर वाकून म्हणाले. "जरा वाकडं काढ. चौथीतलं वाटलं पाहिजे. आणि दोन गणितं मुद्दाम चुकव."

योगिनी वाकडं अक्षर काढत होती. पेन्सिल कशी गुळगुळीत, लबाड सरकत होती. अंगावरून गोगलगाय चालत जावी आणि मागं चिकट रेघ राहावी, तसं मला वाटत होतं. कोंबडीचं निघालं होतं धुऊन. हे कसं निघणार? शी!

संध्याकाळी घरी शिवम खुशीत होता. त्याला सुट्टी मिळाली होती ना! तो योगिनीला बिलगून म्हणाला, "ताई, उद्या माझं नाव चांगलं काढ बरं का. झकास अक्षरात."

योगिनीचा चेहरा एकदम उतरला. तिनं मला शिवमच्या मांडीवर ठेवलं आणि कागद लावला.

"चोवीस भागिले चार कर."

"मला नाय येत."

"येतंय का बघू तरी."

त्यानं आठ लिहिलं. चुकलं. मग तिनं सांगितलं तशा त्यानं जीभ बाहेर काढून चोवीस रेघा मारल्या, चार-चार रेघांना गोल केले आणि गोल मोजले. सहा! तो पेन्सिल इतकी दाबत होता, की कागदातून मला टोचत होती. ते टोचणं मला इतकं आवडलं म्हणून सांगू! पुढचं गणित पुन्हा चुकलं, पण आता तो स्वतःच म्हणाला, "अजून एक घाल."

योगिनीनं आईकडं बघितलं. "आई, उद्या हाच बसला तर?"

सत्यभामा भाकरी थापता थापता म्हणाली, "त्याला काय येतंय? शून्य पडंल. लोक हसतील."

"पडू दे ना. त्याचं स्वतःचं पडंल! मी लिहिलं तर नव्वद पडतील, आणि याला भागाकार येत नाय हे कुणाला कळणारच नाय. मग याला शिकवायचं कुणी?"

पप्पांनी नुकतेच कंपनीचे बूट काढले होते. "योगे, सरांच्या वाकड्यात जाऊ नको. तुझा सातवीचा दाखला त्यांच्याच हातात हाय."

"मला माहितीय, पप्पा."

ती घाबरली होती. तिच्या बोटांचा घाम मला लागत होता. मग तिनं मला उलटं केलं आणि 'अंगद १० वी अ' पप्पांच्या समोर धरलं.

"पप्पा, तुमच्या पेपरवर तुम्ही कुणाचं नाव लिहिलं होतं?"

पप्पांनी त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. किती वर्षांनी त्यांचा हात लागला मला!

मित्रांनो, मला नवा चिमटा नको, उडालेला कोपरा भरूनही नको. हवं तर पुन्हा माठावर ठेवा. पण माझ्यावर कागद लावाल तेव्हा त्यावर आपलंच नाव लिहा, आणि खाली जे येतं तेच लिहा. माझी एवढीच काळजी घ्या.

योगिनीनं मला शिवमच्या दप्तरात कोंबलं. अर्धा मी बाहेरच राहिलो, म्हणून पुढचं सगळं मला दिसलं. ती दोघांच्या समोर उभी राहिली, वेणी मागं टाकली आणि म्हणाली,

"आई, पप्पा, माझं ठरलंय. उद्या पेपरला शिवम बसणार, पॅड त्याच्याजवळ राहणार, आणि मी माझ्या सातवीच्या वर्गात बसणार. सरांना काय सांगायचं ते मी सांगते. तुम्ही फक्त त्याला सकाळी लवकर उठवा."