अकराचा ताप

नियम हा माणसापेक्षा मोठा असतो, अशी कुसुमताईंची श्रद्धा होती. धरमपेठेतल्या महिला मंडळाच्या पाळणाघराचे बाराही नियम त्यांनी स्वतःच केलेले असल्यामुळे ही श्रद्धा त्यांना फारशी जड जात नसे. नियम दाराशेजारी पुठ्ठ्यावर टांगलेले होते. चौथा लाल शाईत होता : 'मुलास शंभराच्या वर ताप असल्यास आईस तात्काळ बोलावून मूल स्वाधीन करण्यात येईल. सबब चालणार नाही.'

मार्चमध्ये मंडळाच्या अध्यक्षबाईंची सून अरुंधती, हिचा मुलगा त्यांनी शंभर पूर्णांक दोन दशांश तापापायी परत पाठवला होता. तेव्हापासून अध्यक्षबाई त्यांच्याशी फक्त लेखी बोलत. कुसुमताईंनी त्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या होत्या.

त्र्याहत्तर सालच्या मे महिन्यातल्या एका सोमवारी प्रेमिला नऊच्या आधीच आली. तीन वर्षांची गोपिका तिच्या कडेवर होती, वेणीफणी केलेली, पावडर लावलेली आणि नको तितकी शहाण्यासारखी.

"ताई, आज माझी टायपिंगची परीक्षा आहे, बारा वाजता. दोन वर्षं टेंपररीवर काढली. पास झाली तर पर्मनंट, नाही तर तीस तारखेले घरी बसा म्हणतात."

"मग निवांत जा. घाई करून बोटं चुकतात."

"गोपिकाचा काही त्रास नाही होणार," प्रेमिला म्हणाली. पायऱ्या उतरताना तिनं हे आणखी दोनदा सांगितलं.

ती वळणाआड गेल्यावर अंजनाबाईनं पोरीचं तोंड हुंगलं. अंजनाबाई ही पाळणाघरातली मदतनीस. स्वतःची पाच वाढवून झाल्यावर ती लोकांची वीस सांभाळायला आली होती, आणि वीस सोपी असतात असं तिचं मत होतं.

"अर्धी गोळी चारून आणली बाई. शक्करसंगं."

कुसुमताईंनी ऐकलं नाही असं दाखवलं. ही युक्ती त्यांना नवी नव्हती. सातला तापाची गोळी द्यायची, नऊला हसतं-खेळतं मूल हवाली करायचं आणि हपीस गाठायचं. गोळीचा अंमल अकराला उतरे. पाळणाघरात त्या तापाला 'अकराचा ताप' असंच नाव होतं.

गोपिका वक्तशीर निघाली. अकराला पाच कमी असताना तिनं बाहुली टाकली आणि अंजनाबाईच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"चढून राहिला," अंजनाबाई म्हणाली.

कुसुमताईंनी टिनाच्या छपराखालच्या कपाटातून थर्मामीटर काढला, पोरीच्या काखेत धरला, घड्याळ लावून दोन मिनिटं मोजली. पारा एकशे आठवर होता. आकडे तिथंच संपत होते, म्हणून तो थांबला असावा.

कुसुमताईंनी आकडा पुन्हा वाचला. एकशे सहाच्या पुढं माणूस वाचत नाही, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. एकशे आठवाली गोपिका अंजनाबाईच्या बांगड्या मोजत पाणी मागत होती.

त्यांनी थर्मामीटर झटकला. पारा हलला नाही. खात्रीसाठी शेजारी माती खात बसलेल्या मार्तंडला लावला. मार्तंडलाही एकशे आठ. मग अंजनाबाईला.

"मले एकशे आठ?" अंजनाबाईनं विचारलं. "मंग मी सकाळपासून भांडे काहून घासून राहिली?"

थर्मामीटर टेबलावर ठेवला. टेबलालाही एकशे आठच ताप होता.

"बाई, मे लागला न. इथल्या उन्हात ते कपाटात नसते ठेवत. माठात ठेवा लागते." अंजनाबाईनं तो सुती दोऱ्याला बांधून माठात सोडला. थोड्या वेळानं काढून झटकला तेव्हा पारा निमूट खाली आला.

पुन्हा काख, पुन्हा दोन मिनिटं. एकशे एक पूर्णांक दोन.

हा ताप खरा होता. अरुंधतीच्या मुलापेक्षा पुरा एक अंश जास्त. अंजनाबाईनं ओल्या फडक्याची घडी पोरीच्या कपाळावर ठेवली. बोलायचं काम पुठ्ठा करत होता.

कुसुमताईंनी चपला घातल्या आणि दारात आल्या. समोर मारोतरावांचं किराणा दुकान, त्यात टेलिफोन. घड्याळात अकरा वीस. फोन केला तर प्रेमिला धावत येईल, यात शंका नव्हती. अडचण तीच होती.

"काय ताई, फोन?" मारोतरावांनी दुकानातूनच विचारलं.

"नाही. ऊन किती आहे ते बघत होते."

"बघून कमी होते का ते?"

कुसुमताईंनी चपला काढल्या. थर्मामीटर माठात सोडला, चांगला पाच मिनिटं ठेवला, झटकला, गोपिकाच्या काखेत लावला आणि अर्ध्या मिनिटात काढला.

"अठ्ठ्याण्णव," त्या म्हणाल्या, आणि रजिस्टरात लिहिलं.

अंजनाबाई छपराकडं बघत होती. "माठ चांगला आहे आपला," ती म्हणाली.

त्या दुपारी कुसुमताई आडव्या झाल्या नाहीत. वाळ्याच्या ताटीवर पाणी मारून त्यांनी गोपिकाला तिच्याजवळ निजवलं आणि फडकी बदलत राहिल्या. दर अर्ध्या तासानं त्या ताप बघत, पूर्ण दोन मिनिटं, आणि लिहीत मात्र नसत. एकशे दोन झाला तर फोन, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. हा तेरावा नियम पुठ्ठ्यावर नव्हता. एकदा पारा एकशे एक पूर्णांक आठला गेला, तेव्हा त्यांनी चपला जवळ ओढून घेतल्या. पण तीनच्या सुमारास पोरीला दरदरून घाम फुटला. साडेतीनला तिनं मुरमुरे मागितले आणि मार्तंडच्या हातातले ओढून घेतले.

चार वाजता प्रेमिला आली. दारातच थांबली.

"त्रास तर नाही दिला न, ताई?"

"नाही. अठ्ठ्याण्णव."

प्रेमिलानं ताप विचारलाच नव्हता. दोघी क्षणभर रजिस्टराकडं बघत राहिल्या.

"सकाळी सातला गोळी देऊ नकोस," कुसुमताई म्हणाल्या. "ताप असला तर मला सांगत जा. परीक्षा कशी झाली?"

परीक्षा झालीच नव्हती, पुढं ढकलली होती. हपिसातल्या टाइपरायटरची रिबन संपली होती.