आनंदीबाईंची अंगाई आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी फाइल आहे. लाल फीत बांधलेली नव्हे, कोकणातल्या वालावलच्या ग्रंथालयातल्या संगणकातली.

अक्षरओळख नसलेल्या आनंदीबाई अंगाई सांगत गेल्या आणि ग्रंथपाल विनीता टंकत गेली. म्हातारीने शेवटी विचारलेलंही तिने इमानाने टंकून ठेवलं. माझा जन्म हा असा झाला.

मराठीचं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा माझ्या पोटात तीन-तीन आकड्यांनी साठवलेली आहे. या रीतीला यूटीएफ-८ म्हणतात. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मग आनंदीबाई गेल्या, विनीता निवृत्त झाली आणि मला कोणी उघडेना.

पुढे नवा संगणक आला. त्यावरही जुन्यासारखीच लिनक्स ही संगणकप्रणाली, म्हणून मला वाटलं, हा घरचाच. पण मराठी कोणत्या रीतीने वाचायची, याची मांडणी त्यात कोणी केलीच नव्हती. तो माझा एकेक आकडा सुटा वाचू लागला आणि पडद्यावर परदेशी अक्षरांचा नुसता कचरा दिसू लागला. माझी एक जुळी प्रत होती. एका प्रोग्रामने तिच्यात अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं घातली आणि कोणीतरी ती तशीच जतन केली. तिच्यातली अंगाई कायमची गेली. मी एकटी उरले. फार एकटं वाटायचं.

परवा आनंदीबाईंची नात आकांक्षा आली. तिच्या मुलीचं बारसं होतं आणि तिला आजीचीच अंगाई हवी होती. नवा ग्रंथपाल बाबली याने मला उघडलं.

"ह्यां सगळां खराब झालां गो. काडून टाकतंय."

"थांब रे," आकांक्षा म्हणाली. "आधी वाचूची रीत बदलून बघ."

बाबलीने रीतींच्या यादीतून यूटीएफ-८ निवडलं. माझ्यातला एक आकडाही बदलला नाही, तरी पडद्यावर अक्षरं उभी राहिली.

"नीज गो बाये, खाडयेक भरती इली,
होडी बांदून तुजो आजो घराक इलो."

मित्रांनो, आमच्यासारखी एखादी फाइल विचित्र दिसली, तर लगेच पुसू नका, तशीच जतनही करू नका. आधी ती कोणत्या रीतीने लिहिली आहे ते बघा. आम्हाला ओरडून सांगता येत नाही.

आकांक्षा वाचत शेवटच्या ओळीपाशी आली आणि ती ओळ तिने पुन्हा एकदा वाचली. तिथे आजीने विनीताला विचारलेलं होतं, "लिवलंस मां गो? आता मी इसारलंय तरी चलात."