ताटातलं नाव

माझं नाव शालूबाई. आणि आधीच सांगतो, मी कुणाच्याबी दुधात कायबी घातलेलं न्हाय.

'सांगतो' म्हणलं म्हणून दचकू नका. कोल्हापुरात बाई 'आलो-गेलो'च म्हणती, आणि मी तर शिवाजी पेठेत मिरची कांडायचा डंक चालवतो. तिथं नाजूक बोलून गिऱ्हाइकाला ऐकू जात न्हाय.

आमच्या गल्लीत तीन शालूबाई. एक तालमीमागची, एक शिलाईवाली आणि एक मी मिरचीवाली. इतकी वर्सं कुणाचं काय अडलं न्हाय. गेल्या दिवाळीत चौथी आली, ती टीव्हीतनं. साडेसातच्या मालिकेतली शालूबाई! रुपयाएवढं कुंकू, नाकात ही एवढी नथ आणि रोज सुनंच्या मागं हात धुऊन लागलेली. आज दुधात कायबाय मिसळ, उद्या जिन्यावरनं ढकल. तवापास्नं आमचं तिघींचं जगणं हराम झालं. भाजीवाला उदयसिंह रोज इचारायचा, "शालूबाई, आज सुनंला काय पाजणार?"

मी म्हणायचो, "आधी सून येऊ दे मुडद्या, मग पैला घोट तुलाच पाजतो."

सगळी हसायची. मीबी हसायचो. पण घरात आल्यावर ते हसू टिकायचं न्हाय, कारण सून येतच नव्हती.

आमचा आदर्श तेहेतीस वर्सांचा. शाहूपुरीत पंपाच्या पार्टच्या दुकानात हाय. सुपारीचं खांडबी खात न्हाय, पण बोलायचं म्हणलं की तोंडाला कुलूप. चार वर्सांत अकरा स्थळं झाली. कुणाला पुण्याचा पोरगा पाहिजे, कुणाला शेती पाहिजे पण शेतात पाय ठेवायचा न्हाय. बारावं स्थळ कागलचं निघालं. पोरगी सौंदर्या, शाळेत गणित शिकवती. दोघं सोप्यात अर्धा तास बोलत बसली आणि परत येताना आमचा मुका पोरगा कागलपास्नं कोल्हापूरच्या येशीवरच्या तावडे हॉटेलपतूर बोलत हुता. "आई, ती हसली की डोळं बारीक करती," म्हणाला. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला, पण मनातनं मी तवाच मांडव घातलेला.

आठवड्यानं धैर्यशील आला. धैर्यशील म्हणजे माझा मावसभाऊ, स्थळ त्यानंच आणलेलं. चहा पुढं केला तरी कपाला हात लावंना.

"बोल की," मी म्हणलं. "का पोरगी न्हाय म्हणाली?"

"पोरगी व्हय म्हणतीया. तिचा बा संगमेश, त्योबी व्हय म्हणतोय. म्हातारी न्हाय म्हणतीया. संगमेशची आई, आक्का. तिच्या शब्दाबाहेर त्या घरात पान हालत न्हाय."

"आणि तिला काय खुपलं आमचं?"

त्यानं खाली बघितलं. "नाव."

"कुणाचं? आदर्शचं?"

"तुझं. 'शालूबाई नावाच्या सासूच्या घरात माझी नात द्यायची न्हाय,' एवढंच म्हणती. पुढं बोलतच न्हाय. ती मालिका बघत असणार गं, दुसरं काय."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता! अठ्ठावन्न वर्सं जे नाव घेऊन इमानानं जगलो, ते एका नट्टापट्टा केलेल्या बाईनं मातीत घातलं? आदर्शच्या बाला, आमच्या मालकास्नी सांगितलं. डंकापायी त्यांचे कान गेलेत. ते म्हणाले, "गाव? गाव तर कागल हाय की." मी कपाळाला हात लावला.

आदर्श संध्याकाळी आला. सगळं ऐकून घेतलं आणि "जाऊ दे आई," एवढंच म्हणाला. भाकरी अर्धी टाकून उठला. अकरा स्थळं मोडली तवा हा पोरगा ताट पुसून जेवायचा. ती अर्धी भाकरी बघून माझा राग कुठल्या कुठं गेला. माझ्या नावापायी माझ्या पोराचं मोडतंय, हे काय सोसण्यासारखं हाय?

दुसऱ्या दिवशी डंक मालकांच्या गळ्यात टाकला, पिशवीत किलोभर कांदालसूण चटणी घेतली आणि कागलची एसटी धरली. कुणाला सांगितलं न्हाय. काय बोलायचं ते गाडीतच ठरवलं.

दार सौंदर्यानंच उघडलं. मला बघून पोरगी गोरीमोरी झाली. "काकू, तुम्ही? बाबा कारखान्यावर गेलेत."

"तुझ्या बाकडं न्हाय आलो. आक्का कुठाय?"

आक्का सोप्यात कॉटवर बसलेली. ऐंशीच्या आसपासची, कपाळाला इभूत, काडीसारखी बारीक पण पाठ ताठ. सौंदर्या पाणी देऊन चहा टाकायला आत गेली. मी चटणीची पिशवी कॉटवर ठेवली आणि समोर बैठक मारली.

"आक्का, मी आदर्शची आई."

"वळखलं आवाजावरनं," म्हातारी म्हणाली. "नाव का सांगत न्हाईसा?"

"त्यापायीच आलोय. माझं नाव तुम्हास्नी चालत न्हाय म्हणं. बरं, मग बदलतो. सुमन म्हणा, यशोदा म्हणा, तुमच्या मनाला येईल ते म्हणा. पत्रिकेत छापतो, आधार कार्डावर बदलून आणतो. उद्यापास्नं शालूबाई मेली. पण माझ्या पोराचं..."

"न्हाय!"

म्हातारी एवढ्यांदा वरडली की आत भांडं पडलं.

"नाव बदलायचं न्हाय! अजिबात बदलायचं न्हाय! कुणापायीच बदलायचं न्हाय!"

आता सांगा, या बाईचं करायचं काय? नावबी चालत न्हाय आणि बदललेलंबी चालत न्हाय. माझाबी आवाज चढला. "अवो आक्का, मग मी जीव देऊ का? त्या टीव्हीतल्या भवानीनं इख घातलं त्यात माझा काय दोष?"

"कसला टीव्ही?" म्हातारी म्हणाली. "मला दोन हातांवरचं माणूस दिसत न्हाय, टीव्ही कुठला दिसतोय?"



ती पदराचं टोक बोटाला गुंडाळाय लागली. मग हळू आवाजात म्हणाली, "माझ्या सासूचं नाव शालूबाई."

"बरं मग? छळ केला व्हय त्यांनी?"

"छळ न्हाय. पोटाला घातलं, बाळंतपणं केली. वंगाळ न्हवती. पण माझंबी नाव शालूच हुतं."

मी बसल्या जागी पुढं सरकलो.

"निपाणीची मी. पंधराव्या वर्सी इथं आलो. लग्नात नवऱ्यानं तांदळाच्या ताटात अंगठीनं नाव लिहायची रीत. ताट पुढं आलं आणि कोणतरी म्हणालं, एका घरात दोन शालू कशा? सुनंला हाक मारली तर सासूला अरेतुरे केल्यासारखं हुतंय. मग लिहिलं 'पार्वती'. मी तिसरीपतूर शिकलेली, मला वाचता येत हुतं. मी मान वर करून सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं, कोणतरी हसंल, चुकलं म्हणंल. कुणालाच काय वाटलं न्हाय. आणि पार्वती तरी कोण म्हणालं? सासू म्हणायची 'निपाणीवाली'. पोरं झाली, दीर म्हणायचं ते ऐकून तीबी 'आक्का' म्हणाय लागली. माझी आई तेवढी 'शालव्वा' म्हणायची. ती गेली त्याला एकावन्न वर्सं झाली. तवापास्नं त्या नावानं मला हाक न्हाय."

"घरात कुणाला ठाव न्हाय हे?"

"कुणाला सांगू? कागदावर पार्वती, पोराच्या तोंडात आक्का. म्हणतील म्हातारी भरमिटली." तिनं डोळं पुसलं. "धैर्यशील आला आणि म्हणाला, सासूचं नाव शालूबाई. माझ्या अंगावर काटाच आला. वाटलं, परत तेच ताट येणार. माझी सौंदर्या एवढं शिकली, शाळेतली पोरं तिला 'सौंदर्याबाई' म्हणत्यात, आणि तिचंबी नाव तिथंच पुसणार. खुळेपणाच हाय माझा. पण जीव घाबरला बघ."

खरं सांगतो, मला माझीच लाज वाटली. मी एसटीत बसून त्या म्हातारीला किती शिव्या घातलेल्या! आणि तिचं एक सोडून दोन नावं गेलेली, तरी ती माझं नाव वाचवायला वरडली. मी उठलो, तिच्या शेजारी कॉटवर बसलो आणि तिचा हात धरला.

"शालव्वा," मी म्हणलं.

म्हातारीनं मान वर केली. ओ दिली न्हाय. नुसती माझ्या तोंडाकडं बघत राहिली आणि घळाघळा रडाय लागली. मीबी रडलो. मिरचीत जन्म गेला माझा, पण असं पाणी कधी आलं नव्हतं. दारात सौंदर्या चहाचा ट्रे घेऊन उभी, तिच्याबी डोळ्याला धार.

"तुझ्या घरात माझ्या पोरीचं नाव ऱ्हाईल?" आक्कानं इचारलं.

"ऱ्हाईल. शब्द देतो."

"शब्द नको. शब्द लई ऐकलेत मी. लग्नाला व्हय म्हणतो, पण ताटापाशी बसणार. ताटात काय उमटतंय ते बघणार आणि मगच पोरगी तुझ्या दारात धाडणार."

"या की! मांडीला मांडी लावून बसू."

लग्न कोल्हापुरात झालं, फुलेवाडीच्या हॉलमध्ये. मी आदर्शला आधीच दम दिलेला, "एक काना इकडचा तिकडं झाला तर घरात घेणार न्हाय." तो हसला. "आई, मला दुसरं नाव सुचणारबी न्हाय," म्हणाला.

अक्षता पडल्या, तांदळाचं ताट आलं. आक्काला मी हाताला धरून ताटापाशी आणलं आणि तिच्या शेजारी बसलो. आदर्शनं अंगठी घेतली. तेवढ्यात आमची नणंद बायडाबाई पुढं झाली. सगळ्या रीती तिला पाठ.

"नवं नाव काय ठरवलंय? 'आ' वरनं घ्या. आराध्या घ्या, चांगलं हाय."

आक्काची बोटं माझ्या मनगटात रुतली. म्हातारीच्या हातात एवढं बळ असंल असं वाटलं नव्हतं.

"वन्सं," मी म्हणलं, "पोरगीला नाव हाय. तिच्या आईबानं ठेवलंय, पंचवीस वर्सं वापरलंय, अजून नवंच्या नवं हाय."

"अगं पण रीत हाय!"

"रीत लिहायची हाय. पुसायची कुठं हाय? आदर्श, लिही."

हॉलमध्ये माझा डंकाचा आवाज घुमला. आमचे मालकसुद्धा "काय झालं?" म्हणाले, म्हणजे बघा. आदर्शनं सावकाश लिहिलं. सौंदर्या. आक्का ताटावर वाकली. डोळ्याला नीट दिसंना, तवा तिनं बोट पुढं केलं आणि अक्षरांच्या कडंकडंनं हळूहळू फिरवलं. सौं. द. र्या. पुरं वाचून झाल्यावर माझं मनगट सोडलं. सौंदर्या हसली, डोळं बारीक करून.

मला तिथंच थांबता आलं असतं. पण माझा स्वभाव तसा न्हाय. सगळ्यांनी नाव बघितलं, फोटो निघाले. मग मी सौंदर्याकडं बघितलं, तिनं मान हालवली, आणि मी तांदूळ तळहातानं सारखे करून ताट आक्काच्या पुढं सरकवलं.

"आता तुमचं."

"माझं काय?"

"तुम्हास्नी ठाव हाय काय ते."

"लोक काय म्हणतील गं?"

"म्हणू द्यात की. मी बसलोय इथं."

आक्कानं इकडं तिकडं बघितलं. मग सौंदर्यानं तिच्या हातात अंगठी दिली. तिसरीच्या पोरीसारखी जीभ दातात धरून म्हातारीनं लिहाय सुरुवात केली. 'शा' काढला. काना जरा लांब गेला. 'लू' ला तर लई येळ लागला, दोनदा पुसून परत काढला. बायडाबाईसुद्धा वाकून बघाय लागली.

संगमेश मागनं वाकला. साठीला आलेला माणूस. "आक्का, हे आजीचं नाव का लिहिलंस?"

"माझं," ती म्हणाली.

"तुझं? तुझं नाव पार्वती न्हवं?"

"ते तुझ्या बानं लिहिलेलं. हे माझ्या आईनं ठेवलेलं."

त्याला सगळं कुठं कळलं असणार त्या घडीला. पण शहाणा माणूस, दुसरं कायबी इचारलं न्हाय. आईच्या पायापाशी खाली बसला आणि ताटातली ती वाकडी अक्षरं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "सुरेख हाय की गं नाव. मला का सांगितलं न्हाईस?" आणि आक्कानं भरल्या मांडवात साठीच्या पोराच्या केसातनं हात फिरवला.

फोटोवाल्याला यातलं काय ठाव न्हाय. तो आपला खुर्चीवर चढून कॅमेरा सारखा करत हुता. उदयसिंहानं त्याला माझं नाव सांगून ठेवलेलं. तो वरडला, "ओ शालूबाई, जरा इकडं बघा की!"

आणि माझ्या आधी आक्कानं ओ दिली.