बनावट पत्ता

युएगुईने वाकून टेबलाखालची वायर उपटली आणि काउंटरवरचे चारही कॉम्प्युटर एकदम नेटवर्कवरून उडाले.

"अगं, काय केलंस हे!" शेजारच्या काउंटरवरची ओरडली. "माझा अर्धा फॉर्म गेला!"

समोर नंबराची चिठ्ठी धरून बसलेले म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. जिन्यावरून बोयान उतरला, पाय ओढत. तैवानमधल्या नानपूच्या ह्या सरकारी कार्यालयात कॉम्प्युटर बघणारा तो एकटाच. सकाळपासून सात मशीनवर नवी विंडोज चढवून त्याचे डोळे तांबारले होते.

"ताई, आपल्या मशीनची वायर काढा म्हणालो होतो. ही सगळ्यांची आहे. ह्या डबीतून चौघींना नेट जातं."

"घाईत कुठली कुणाची ते कोण बघतंय? संशय आला की आधी वायर काढा, हे तूच शिकवलंस. काढली. आता वर तूच ओरड."

त्याने वायर परत खोचली. तिच्या स्क्रीनवर लाल अक्षरं होती : 'हा सराव होता. तुम्ही फसव्या मेलमधला फोटो उघडलात.'

तिसऱ्यांदा. आधीच्या दोन वेळा तिला तीन-तीन तास वर्गात बसवलं होतं. तिसऱ्यांदा फसलं की काउंटर बंद, तळघरात जुन्या कागदांपाशी बदली. वय छप्पन्न. बाकीचे काउंटर रिकामे असले तरी सरकारी चिनी न येणारे, फक्त तैवानी बोलणारे म्हातारे तिच्याच रांगेत उभे राहायचे.

"पाठवणाऱ्याचा पत्ता बघायचा होता ना," तो हळू म्हणाला. "एक अक्षर वेगळं होतं."

"बघितला की. ह्या म्हाताऱ्यांचे मेल नातवंडांच्या फोनवरून येतात. कीबोर्डवरून मांजर चालल्यासारखे पत्ते असतात. तेवढ्यावरून उघडायचं नाही म्हटलं, तर एकही उघडायला नको."

तो मेल बोयाननेच लिहिला होता. 'आईचा भत्ता तीन महिने आला नाही. शीकेंग वस्ती, घर नंबर छत्तीस. कागदाचा फोटो जोडला आहे.' लिहिताना कोण फसणार हे त्याला माहीत होतं. कुणीच फसलं नाही तर जिल्ह्याचे साहेब म्हणायचे, सराव सोपा होता, परत घ्या.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"म्हणजे अशी म्हातारी नाहीच?"

"नाही."

"बरं झालं बाई." तिने खुर्चीत अंग टाकलं आणि लगेच उठून बसली. "अरे देवा! मेल वाचला तसा मी गावप्रमुखाला फोन लावला. फोटो मग उघडला. तो ह्या उन्हात स्कूटर घेऊन गेला असणार!"

ती फोन उचलेपर्यंत तोच वाजला. ती तैवानीत बोलत राहिली, नुसतं हं हं करत. बोयानला निम्मंच कळत होतं. तिने कागद ओढला, एक नाव लिहिलं, फोन ठेवला.

"आहे," ती म्हणाली.

"कोण?"

"छत्तीस नंबरला म्हातारी. एकटीच असते. भत्ता बंदच आहे. तीन नाही, पाच महिने."

"ताई, मी नंबर असाच टाकला होता. मनाला येईल तो."

"असणारच. त्या वस्तीत कुठलाही टाक, अशी एखादी निघेलच."

तिने तिथेच म्हातारीचा अर्ज भरायला घेतला. तो वर गेला.

चार वाजता सरावात फसलेल्यांची यादी जिल्ह्याला पाठवायची होती. युएगुईचं नाव खोडायला तीन सेकंद पुरले असते. चार वाजेपर्यंत तो त्या नावाकडे बघत बसला. मग यादी होती तशी पाठवली.

सोमवारी तिच्या खुर्चीवर दुसरी बाई बसली.

सहा महिन्यांनी पुढचा सराव आला. बोयानने मेल लिहायला घेतला, पत्त्यापाशी अडला. एक नंबर टाकला, पुसला. दुसरा टाकला, तोही पुसला. शेवटी तळघरात गेला. युएगुई गुडघ्यावर बसून गठ्ठे बांधत होती. वर बघितलं नाही.

"ताई, एक विचारू? आपल्या हद्दीत कुणीच राहत नाही असं एखादं घर सांगा ना. नुसता नंबर."

तिने चष्मा कपाळावर सारला.

"असं बसल्या जागी नाही रे सांगता येत," ती म्हणाली. "जाऊन बघावं लागतं."