आजीला वळवायची पाळी

"आजपण पोह्यांत मीठ दोनदा," संध्या दिपिकाच्या कानाशी पुटपुटली. हात तिच्या पोराच्या, प्रणितच्या, स्वेटरच्या बटणावर होते, डोळे मात्र चुलीपुढे बसलेल्या इंदुबाईच्या पाठीवर. "चाखले मी. थंडीत जिभेला कळत नसंल म्हातारीच्या."

"व्हय, थंडीच असंल," दिपिका म्हणाली.

पहाटेचे साडेपाच वाजले होते. पेणच्या खारेपाटातल्या त्या गावातून सहा बायका रोह्याच्या एका कंपनीत पॅकिंगला जायच्या. बस पावणेसहाला नाक्यावर. लहान पोरांची झोप व्हावी म्हणून सरकारने शाळा नऊला केली, ते चांगलंच केलं. आयांच्या बसचं कोणी विचारलं नाही. मधल्या सव्वातीन तासांना इंदुबाईची पडवी होती. वीस वर्षं शाळेत खिचडी रांधलेली बाई. नऊ पोरांना ती पेंगत असतानाच ताब्यात घ्यायची, उजाडलं की उठवायची, तोंडं धुवायची, न्याहारी घालायची आणि साडेआठला रांगेने शाळेत पोचवायची. तिच्या हातून गेलेल्या पोराच्या कानामागेसुद्धा मळ सापडत नसे.

पण दिवाळीपासून काहीतरी बिनसलं होतं. एके दिवशी दिपिकाची मनस्वी एकाच बाजूला वेणी घालून घरी आली. एकदा चूल भडकती ठेवून इंदुबाई बाहेर पडली होती. बसमध्ये बायका हे हसत सांगायच्या आणि लगेच कारण जोडायच्या. साखर वाढली असंल. चष्म्याचा नंबर बदलला असंल. कारणं संपली की सगळ्या खिडकीबाहेर बघायच्या. बाहेर अजून अंधारच असायचा.

त्या संध्याकाळी भाकरी मोडता मोडता मनस्वी म्हणाली, "आई, उद्या आजीला वळवायची पाळी प्रणितची हाय. त्याला नाय जमत."

"कुठं वळवायची?"

मनस्वीने खेळ समजावून सांगावा तसं सांगितलं. पाण्याच्या टाकीपाशी वाट फुटते. डावीकडे शाळा. आजी उजवीकडे जाते, खाडीच्या बांधावर, जुन्या शाळेच्या वाटेला. मग ज्याची पाळी तो पुढे होऊन हात पसरून उभा राहतो आणि म्हणतो, आजी, आज इकडून. आजी हसते आणि वळते.

"कोणाला सांगायचं नाय असं ठरलंय आमचं. सांगितलं तर आजी बंद होईल."

"मग मला का सांगितलंस?"

"प्रणित पहिलीत हाय. आजी सांगेल ते ऐकतो तो."

चार वर्षांमागे उधाणाने बांध फोडून खांड पाडली आणि पाणी शाळेत शिरलं. शाळा उठून गावात आली, खांड तशीच राहिली. आणि उद्या पुनव होती, मोठ्या भरतीचा दिवस.

दिपिकाने संध्याला फोन लावायला घेतला. पण सांगणार काय? इंदुबाईकडे पोरं ठेवायची नाहीत, तर ठेवायची कुठे? या महिन्यात मनस्वीच्या तापापायी तिचे दोन खाडे झाले होते. तिसऱ्या खाड्याला कंत्राटदार नाव कापत असे. नवरा बोटीवर, सहा महिन्यांनी दिसणारा. तिने फोन ठेवला. मनस्वीला सांगू, तूच पुढे राहा. सात वर्षांच्या पोरीवर तिने ते टाकलं आणि अंथरुणावर पडली.

सकाळी बसमध्ये संध्या तिला चिकटून बसली. वडखळ मागे पडलं. मग म्हणाली, "मनस्वी काय बोलली का गो तुला?"

"कशाबद्दल?"

"नाय, असंच."

मागच्या सीटवरच्या प्रतिक्षाने ओढणी तोंडावर घेतली. तेव्हा दिपिकाला कळलं की पोरांचं गुपित एकाही घरात राहिलेलं नाही. सगळी बस जाणती होती.

नागोठण्याला ती उठली. "थांबवा, मला उतरायचंय."

"तिसरा खाडा गो," संध्या म्हणाली.

"म्हायती हाय."

का उतरतेस, हे कोणीच विचारलं नाही. संध्याने फक्त पाय बाजूला घेतले, तिला जायला वाट दिली.

एसटी तासभर आलीच नाही. पेणहून टमटम भरायला आणखी वेळ गेला. ती टाकीपाशी पोचली तेव्हा पावणेनऊ होत होते. शाळेच्या वाटेवर चिटपाखरू नव्हतं. उजवीकडे ओलसर मातीत लहान लहान चपलांचे ठसे होते, एकामागे एक, शिस्तीत.

ती धावली. दोन्ही बाजूंनी भरती चढत होती, कसलाही आवाज न करता. बांध जिथे तुटला होता तिथे पोरं रांगेत उभी होती. मनस्वी इंदुबाईचा पदर दोन्ही हातांनी मागे ओढत होती. इंदुबाई खांडीत उतरली होती, पाणी तिच्या पोटऱ्यांपर्यंत, हातात प्रणितचा हात. "चल रे बाबा, घंटा होईल," ती म्हणत होती. आणि प्रणित शहाण्या मुलासारखा पाय पुढे टाकत होता.

दिपिकाने त्याला काखेत धरून वर उचललं. मग इंदुबाईचा दंड धरला आणि तिला बांधावर घेतलं. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं.

"दिपिका?" इंदुबाई म्हणाली. "आज शिफ्ट नाय गो?"

मनस्वी रडवेली झाली होती. "मी पुढं झाले होते आई. आजी म्हणाली, मला शाळा कुठं हाय ते शिकवतेस?"

इंदुबाईने पलीकडे पाहिलं. तिथे छप्पर उडालेल्या चार भिंती होत्या. तिची नजर भिंतींवरून पाण्यावर आली, पाण्यावरून पोरांवर.  एक कारण दिपिकाच्या जिभेवर तयार होतं. धुक्यात वाट चुकली असंल, मावशी, चला, मी सोडते पोरांना. तेवढं म्हटलं असतं तर उद्या पहाटे पडवी पुन्हा उघडली असती, आणि बस पावणेसहाला होतीच.

ती इंदुबाईच्या पुढ्यात उकिडवी बसली आणि तिच्या लुगड्याचा काठ पिळू लागली. वर न बघता बोलली.

"मावशी, ती शाळा बंद झाली. चार वर्षं झाली. तुम्हाला वाट आठवत नाय आता, पोरंच तुम्हाला नेतात. आणि आम्हा सगळ्या बायांना ते म्हायती हाय. म्हायती असून आम्ही पोरं तुमच्याकडं सोडून जात होतो."